माझ्या जागी पोतं

"उतर. पहिले खाली उतर."

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी घोड्यावर बसलो होतो. खरा घोडा नव्हे, मशीनचा. पाय नाहीत. खाली लोखंडी पेटी, वर पाठ, मान, खोटी आयाळ आणि खोगीर. बटण दाबलं की जागच्या जागी चालतो, दुडकतो, अगदी खऱ्यासारखा. ज्या लेकरांच्या कंबरेत जोर नाही, मान ठरत नाही, त्यांना यावर बसवतात. पाठ हळूहळू बसायला शिकते. बुऱ्हाणपुरात बुधवारा मोहल्ल्याच्या मागे एक थेरपी सेंटर आहे, तिथं हा घोडा. आणि तो चालवायला मी.

ओरडणारी बाई म्हणजे सेंटरची मालकीण. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणतो. बाकड्यावर सात-आठ आईबाप आपापली लेकरं मांडीवर घेऊन बसले होते. सगळ्यांनी माना वर केल्या.

मी म्हणालो, "मॅडम, चेकिंग चालू आहे. पाच मिनिटं फक्त."

"चेकिंग खाली उभं राहून कर ना. यहाँ अच्छे घर के बच्चे बैठते हैं. तू बसलेल्या जागेवर मी त्यांना बसवू?"

मी उतरलो. खोगिरावरचं कव्हर काढलं. फिनेलच्या पाण्यात धुतलं. सगळ्यांसमोर. मॅडम म्हणाल्या, "एकदा अजून." परत धुतलं. मग म्हणाल्या, "कल से गेहूँ का बोरा रख दिया कर. वजनच पाहिजे ना?"

बाकड्यावरचं कुणीतरी हसलं. मीही हसलो. ते मला आजही आठवतं. मॅडमचं बोलणं नव्हे, माझं हसणं.

नियम माझा नव्हता. मशीन बसवायला इंदूरहून इंजिनीअर आला होता, त्यानं तीन दिवस मला शिकवलं. भिंतीवर कागद लावून गेला. पहिल्या लेकराच्या आधी चालवणाऱ्यानं स्वतः बसायचं, पाच मिनिटं, सगळ्या चालींवर. तो म्हणाला होता, "मशीन कुठं अडतंय ते कानाला कळत नाही, कंबरेला कळतं." मग रजिस्टरात लिहायचं, 'स्वतः बसून तपासले', आणि खाली सही करायची.

दुसऱ्या दिवसापासून मी चाळीस किलोचं पोतं खोगिरावर चढवायला लागलो. पट्ट्यानं आवळायचो. बटण दाबायचो. पोतं डुलायचं, मी खाली उभा. पाच मिनिटं झाली की लिहायचो, 'स्वतः बसून तपासले'. खाली सही. सहीत आडनाव नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नाम काफी है." आडनाव लिहिलं की आमची वस्ती कळते, वस्ती कळली की जात कळते. पण मॅडमना ती न लिहिताच कळली होती.

घोड्याचं आणि आमच्या घराचं जुनं आहे. माझे बाबा बँडवाल्याकडे नवरदेवाची घोडी धरायचे. तीस वर्षं. सोनी नावाची घोडी होती, ती बाबांच्या आवाजावर चालायची. चारा बाबांनी घालायचा, खरारा बाबांनी करायचा, वरातीत लगाम बाबांनी धरायचा. पाठीवर बसायचं दुसऱ्यांनी. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा बँडवाल्याकडे गेले. बँडवाला म्हणाला, "तुझ्या गल्लीत घोडी दिली तर दुसरे मला वरातीच्या सुपाऱ्या देणार नाहीत." बाबा गपचूप परत आले. मी पायी गेलो मांडवात. रागानं नुसता पेटलो होतो त्या दिवशी. म्हणालो, बाबा, तुम्ही तोंड कसं उघडलं नाही? तीस वर्षं धरली ना तुम्ही ती घोडी? फार बोललो त्यांना. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी थांबलो नाही.

आणि मी? मी कव्हर दोनदा धुतलं आणि हसलो.

आता रोशनीचं सांगतो. खरं तर तिचंच सांगायचं आहे.

मशीन दानात आलेलं. देणाऱ्याची अट होती की गुरुवार गरिबांच्या पोरांसाठी, फुकट. गुरुवारी सेंटरची डॉक्टर नसायची, ती मंगळवारी आणि शनिवारी यायची. गुरुवारी मी एकटा. सुरुवातीला तीन पोरं यायची, त्यातली दोन यायची थांबली. राहिली रोशनी. सहा वर्षांची, जसोंडी गावची. तिची आई सुनंदा, केळीच्या मळ्यात घड वाहायला जाते. आमच्याच समाजाची. गुरुवारचा रोज बुडवून, पोरीला कडेवर घेऊन, दोन गाड्या बदलून यायची. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला भाऊ.

रोशनी पहिल्यांदा आली तेव्हा मान पण धरत नव्हती. भिजलेल्या फडक्यासारखी ओघळायची. मी दोन्ही हातांनी कंबर धरायचो, मशीन एकदम हळू चालवायचो, आणि तिची आई समोर उभी राहून टाळ्या वाजवायची. चार-पाच महिन्यांत मान ठरली. मग पाठ. मग एका गुरुवारी मी हात काढून पाहिला. बसली! मी मोजलं, आठपर्यंत. नंतर बारा. नंतर वीस. वीस झाले त्या दिवशी सुनंदाअक्का भिंतीला डोकं लावून रडली. म्हणाली, "भाऊ, आता शाळेच्या बाकावर बसन माही पोरगी." शाळेच्या सरांनी तिला सांगून ठेवलं होतं, बसता आलं की नाव घालतो.

पोतं चढवायला लागून महिना झाला असेल. दोन दिवस मी बघत होतो, पोतं डावीकडे सरकतंय. मी काय केलं? पोतं सरळ केलं, पट्टा आणखी आवळला, सही केली. मी स्वतः बसलो असतो तर पहिल्याच मिनिटाला कंबरेला कळलं असतं. पोत्याला कंबर नाही, आणि मला त्या दिवशी अक्कल नव्हती.

तिसरा दिवस गुरुवारचा. रोशनी बसली. हात काढला. सात, आठ, नऊ, आणि डावीकडून असा हिसका बसला की पोरगी पुढे आपटली. मी झेललं, पण ओठ दातात सापडला. रक्त. खोगिरावर रक्त, माझ्या शर्टावर रक्त. पोरगी रडली सुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. सुनंदाअक्का म्हणाली, "होते भाऊ, मशीन हाये, तुमची काय चूक." एवढं ऐकूनही मी पोत्याचं सांगितलं नाही.

मॅडमनी खोगीर पाहिलं. "खून, लार, सब इसी पे. बस हो गया. आता ती आली की सांग, मशीन बंद आहे."

इंदूरहून माणूस आला, मशीनच्या आतला पट्टा बदलला, दोन दिवसांत मशीन ठणठणीत. गुरुवारी मॅडमचा नातू बसायला लागला. त्याला मोठ्या शाळेत घोडेस्वारीच्या टीममध्ये जायचं होतं, त्याची प्रॅक्टिस. त्याच्या आधी सुनंदाअक्का यायची, गेटवर. आणि मी गेटवर जाऊन सांगायचो, "बंद आहे अक्का, पार्ट यायचाय."

एक गुरुवार. दोन. पाच. एकदा आतून मशीनचा आवाज येत होता आणि मी सांगत होतो बंद आहे. तिनं ऐकला असेल का तो आवाज? रोज रात्री अंथरुणावर मी हेच स्वतःला विचारायचो आणि रोज कूस बदलायचो. नवव्या गुरुवारनंतर ती यायची थांबली. मला काय वाटलं, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. सुटलो, असं वाटलं.

एका शनिवारी डॉक्टरनं विचारलं, "ती रोशनी का येत नाही हो? छान बसायला लागली होती."

मी म्हणालो, "ते लोक असेच असतात डॉक्टर. जमत नाही त्यांना नियमानं यायला."

ते लोक. माझ्या तोंडून. माझी आई पण 'ते लोक' आणि माझे बाबाही. डॉक्टरनं मान हलवली आणि दुसऱ्या लेकराची फाईल उघडली. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मग ती वरात आली. बाबांची कंबर धरली होती, बँडवाल्याला माणूस मिळेना, म्हणून बाबांनी मला पाठवलं. संध्याकाळची वरात, जसोंडीत. सोनी कधीच मेली, आता दुसरी घोडी आहे. मी लगाम धरून पुढे चाललो होतो, वर नवरदेव, मागे डीजे. एका दारासमोर वरात नाचायला थांबली.

उंबऱ्यात रोशनी होती. बसलेली नव्हती, बसवलेली होती. पाठीला युरियाचं पोतं, त्यात भुसा भरलेला, छातीवरून आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा. मान एका बाजूला ओघळलेली, तशीच, पहिल्या दिवसासारखी. घोडी दिसली आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"घो... घोला! बला झाला!"

सुनंदाअक्का बाहेर आली. मला बघून हसली. नुसती हसली, कुठं काही किल्मिष नाही. डीजेच्या आवाजात ओरडून म्हणाली, "तिले सांगतलं होतं भाऊ, घोडा बिमार हाये. रोज पुसते, बरा झाला का. ते मशीन सुधरलं का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ए घोडीवाले, आगे बढा!"

आणि मी पुढे बघितलं. लगाम ओढला. चाललो. पाठीमागून त्या पोरीचा आवाज येत होता, घोला, घोला, आणि मी मान वळवली नाही. मांडवात घोडी सोडली तेव्हा बाबा आठवले. बाबांना काय काय बोललो होतो मी! बाबांनी घोडी धरली, पण कुणाच्या लेकराला खोटं सांगितलं नाही कधी.

परत गेलो तिच्या दाराशी. अक्का रोशनीला आत नेत होती. मी म्हणालो, "अक्का, येत्या गुरुवारी या. नक्की या." खरं सांगायलाच गेलो होतो. तिनं पाणी दिलं, चहा टाकू का विचारलं, रोशनीनं दोन केळी माझ्या हातात ठेवायला लावली, घोड्यासाठी. माझी हिंमत झाली नाही. तिथंही नाही झाली.

गुरुवारी साडेआठला मी पोतं खाली उतरवलं. उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलं. बाकड्यावर सुनंदाअक्का पोरीला घेऊन बसली होती, शेजारी मॅडमचा नातू हेल्मेट घालून. मी घोड्यावर बसलो. बटण दाबलं.

मॅडम दारात आल्या. "ये क्या है? उतर."

"पाच मिनिटं मॅडम. चेकिंग आहे."

"मी काय सांगितलं होतं तुला? उतर!"

"नाही उतरत."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. पाय रिकिबीत घट्ट रोवले. मॅडम म्हणाल्या, आजच्या आज हिशोब करते तुझा. मी म्हणालो, "करा. पण आधी पाच मिनिटं होऊ द्या. मग ही मुलगी बसेल. गुरुवार तिचा आहे. मग तुमचा नातू." नातू बिचारा कधी आजीकडे बघत होता, कधी माझ्याकडे. मॅडम फोन लावत आत गेल्या.

पाच मिनिटं झाली. उतरलो. सुनंदाअक्कासमोर उभा राहिलो.

"अक्का, मशीन दोन दिवसांत दुरुस्त झालं होतं. नऊ गुरुवार मी खोटं बोललो. आणि रोशनीचा ओठ फुटला तो पण माझ्यामुळे. मी बसून तपासलं नव्हतं, पोतं ठेवलं होतं."

ती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. शिव्या द्यायला पाहिजे होत्या तिनं. कानाखाली वाजवायला पाहिजे होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मॅडमचं समजते. तुम्ही तर आपले होते, भाऊ."

मग पोरीला माझ्याकडे दिलं. "बसवा."

बसवलं. हळू चाल लावली. कंबर धरली. थोड्या वेळानं हात काढला आणि मोजलं. एक. दोन. तीन. चार. ओघळली. विसावरून चारवर. ते सोळा मी खाल्ले, दुसऱ्या कुणी नाही. मॅडमनी सांगितलं, पण गेटवर उभा राहून तोंडानं बोललो तो मी.

मी तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला ती द्यावी लागली असती, आणि तिनं मला आधीच खूप दिलं आहे. शनिवारी डॉक्टरला सगळं सांगितलं, 'ते लोक' म्हणालो होतो ते सुद्धा, आणि माझं आडनावही. मशीन दान देणाऱ्यांना पत्र लिहिलं. रजिस्टर घेऊन बसलो आणि ज्या ज्या दिवशी पोतं ठेवलं होतं, त्या प्रत्येक सहीवर लाल पेननं लिहिलं, 'खोटे. बसलो नव्हतो.' पानंच्या पानं लाल झाली.

मॅडम नवा माणूस शोधत आहेत. मशीन चालवणारा बुऱ्हाणपुरात लवकर मिळत नाही, म्हणून अजून मी आहे. काढतील, मला माहीत आहे. काढलं तर गुरुवारी गेटवर उभा राहीन, याच गेटवर, आणि येणाऱ्या प्रत्येक आईला सांगेन की मशीन चालू आहे, आत जा. नव्या माणसालाही सांगेन की आधी स्वतः बस. रोशनी परवा सहापर्यंत बसली. वीस होईपर्यंत मला कुणी हलवून दाखवावं.

रोज साडेआठला मी घोड्यावर बसतो. पाच मिनिटं पूर्ण. मग रजिस्टरात लिहितो, 'स्वतः बसून तपासले'. खाली सही करतो, आडनावासकट.