विमानवाल्याचे पान

बाळांनो, दुसऱ्या महायुद्धात घाटनांदूरजवळच्या डोंगरात एक लष्करी विमान कोसळले आणि त्याचा गोरा वैमानिक जागीच गेला. या अपघाताची एक परदेशातली नोंद मला त्याच्या नावासह मिळाली होती. गावकऱ्यांनी अवशेष लुटून नेले, असेही तीत लिहिले होते. ते गाव माझे आजोळ. हे खरे का, ते तिथल्याच तोंडून ऐकायचे ठरवून मी पुण्याहून निघाले.

अंबाजोगाईपर्यंत बस, पुढे रिक्षा, शेवटी पायी. उतारावर सीताफळे डोळे उघडू लागली होती. शेवटच्या ओढ्यात काळ्या चिखलाने माझी एक चप्पल ठेवूनच घेतली.

नव्वदी ओलांडलेले धोंडीबामामा ओट्यावर बसले होते. आजोळचा प्रत्येक वडीलधारा मामाच! मी विमानाचे विचारले.

“मेंढरं घेऊन गेलतो. असा आवाज झाला, मेंढरं बी पळाली अन् मी बी. पर मेंढरं माज्या आदी परत आली!”

“मामा, लोकांनी पत्रा नेला म्हणतात.”

“नेला ना! लपवायचं कावून? बापानं त्याची चरवी (दुधाचे भांडे) करून घेतली. लई हलकी. बहिणीच्या रुखवतात दिली.”

माझी मान खाली गेली. मामांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

“भाचीबाई, तोंड कावून पाडलं? पत्रा नेला, माणूस न्हाई टाकला. बापानं सोताचं घोंगडं त्याच्यावर घातलं. मोमीनाबादहून (आताचे अंबाजोगाई) फौज येस्तोर गडी आळीपाळीनं राखन बसले. कोल्ह्याला शिवू दिलं न्हाई. घोंगडं त्याच्यासंगंच गेलं. बापानं मागितलं न्हाई.”

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. मामांची सून गयाबाई पितरांची पाने वाढत होती. सगळ्यांवर आमटी, वडे, भाजी. एका पानावर मात्र फक्त भाकरी, दूध आणि गूळ.

“हे कुणाचं गं?”

“इमानवाल्याचं. गेल्याची तिथ कुणाच्या ध्यानात ऱ्हायली न्हाई, नाव ठावं न्हाई, म्हणून आजच घालतो.”

“मग आमटी का नाही?”

“आता बया! गोऱ्याला तिखट सोसंल का, वन्सं? सासूबाईंनी बजावून सांगितलंय, त्याला दूधभाकरच.”

मी त्याचे नाव सांगितले. गयाबाईने दोनदा म्हणून पाहिले, दोन्ही वेळा अडखळली आणि पदर तोंडाला लावून हसली. “तुमीच म्हना, वन्सं.” मी ते मोठ्याने उच्चारले. तिने पान माळवदावर (मातीच्या सपाट छपरावर) नेऊन ठेवले.

परतीच्या बसमध्ये माझ्या पायात गयाबाईच्या चपला होत्या आणि मान ताठ होती. नोंद खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेली अर्धी मी घरी पोचताच नोंद ठेवणाऱ्यांना लिहून पाठवली. तुम्ही परक्या देशात वाढता आहात. तिकडे कोणी तुमचे मूळ विचारले, तर सांगा: अनोळखी मेलेल्या माणसाला काय सोसेल, याचा विचार करून पान वाढणारी आमची माणसे.