मौन सोडायचा दिवस

डोळा लागतोय की नाही अशा बेताला मी पडलेली आहे. अंबूआत्याच्या घरी, खिडकीखालच्या चटईवर, भर दुपारी. पालशेतच्या रस्त्यावरून एसटी गेली की खिडकीची काच थरथरते. मागल्या दारी आत्या भांडी विसळतेय आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटतेय. तिला एक गोष्ट सांगायची म्हणून मी सकाळी दापोलीहून निघाले, दाभोळला गाडी फेरीबोटीत घातली, खाडी ओलांडून इथे आले, आणि जेवणं होऊन हात वाळले तरी माझ्या तोंडून शब्द फुटलेला नाही.

सांगायचं एवढंच आहे, की तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, आता नाहीत. भाद्रपदातच गेले.

तिला हे ठाऊक नाही याचं श्रेय माझ्या आईचं. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा आत्याचे फोनवर फोन यायला लागले. नव्वदीला टेकलेली बाई, एकटी राहते, हाय खाईल, म्हणून आईने एक दिवस ठोकून दिलं, "यांनी कार्तिकी एकादशीपर्यंत मौन धरलंय, वन्सं." आत्या आधी पोट धरून हसली. बाबा म्हणजे बोलल्याशिवाय ज्याला अन्न पचत नसे असा माणूस. पण मग तिला भावाचा अभिमान वाटायला लागला आणि तिने आळीभर सांगितलं. बाबा गेल्यावर ते मौन आईच्या हाताशी आयतंच होतं. भाऊबीजेला ते आले नाहीत तेव्हाही तिने तेच पुढे रेटलं. मौनातला माणूस वेस ओलांडत नाही म्हणे!

काल एकादशी झाली. संध्याकाळी आत्याचा फोन आला. "उद्या द्वादशी. मौन सुटलं की पहिला शब्द माझ्याशी बोलायचा म्हणावं दिग्याला." आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "वृंदा, तू जा. मला नाही धीर."

जशी काही माझ्याकडे धीराची कोठारं भरलेली आहेत! मी गाडीतून उतरले तर आत्या माझ्या पाठीमागे बघत राहिली. "तो कुठाय गो?" आणि मी म्हटलं, "मागून येतायत." का म्हटलं ते देव जाणे. आत्याने त्यांचं पान झाकून ठेवलंय.

बाहेर पुन्हा एसटी जाते. काच थरथरते, थरथरतच राहते, आणि ती काच गाडीची आहे.

बाबा गाडी चालवतायत. ती जुनी पांढरी मारुती, जी आम्ही कधीच विकून टाकली. अंगात घरातली बनियन आहे आणि दाढी वाढलेली आहे. समुद्र डाव्या हाताला आहे. तो उजवीकडे असायला हवा, हे मला कळतंय, पण बाबा सापडल्याच्या आनंदात मी काही बोलत नाही. केवढा आनंद होतो मला! आत्ता इथून आत्याचं घर कितीसं लांब? यांना नेऊन दारात उभं केलं की झालं.

"बाबा, बरं झालं आलात. आत्या वाट बघतेय."

बाबा मान डोलावतात आणि ओठांवर बोट ठेवतात.

"अहो, ते खोटं होतं! आईने रचलेलं होतं ते. तुम्ही बोला."

ते पुन्हा ओठांवर बोट ठेवतात. डोळ्यांत तीच चेष्टा, मला छळताना असायची ती. रस्ता आमच्या स्वयंपाकघरातून जातो. आई ओट्यापाशी पुऱ्या लाटतेय, गाडी अगदी तिच्या पाठीला घासून जाते, पण ती वर बघत नाही. मग सुरूची झाडं लागतात. मग दाभोळचा धक्का.

तिकिटाच्या खिडकीत बोटीच्या माणसाऐवजी हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानातली बाई बसलेली आहे.

"पेशंटचं नाव?" ती विचारते.

"पेशंट नाहीत हो. गाडीत बसलेत ते. धडधाकट आहेत. पलीकडे जायचंय, बहिणीकडे."

"एकाचंच तिकीट मिळेल."

"असं कसं? दोघं आहोत आम्ही. बघा तरी!"

ती खिडकीतून वाकून बघते आणि माझ्या हातात एकच तिकीट ठेवते. मी तिच्याशी भांडते. मी गयावया करते. गाडीत बसून येईन, उभी राहीन, माझं राहू दे, त्यांचं द्या म्हणते. ती फक्त "पुढचे" म्हणते. मागे वळून बघते तर रांगेत कोणी नाही.

गाडी बोटीवर चढलेली आहे. मी स्टिअरिंगवर आहे. बाबा उतरून धक्क्यावर उभे आहेत, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, चिखलातून चालायला निघाल्यासारखे. बोटीची फळी अजून खाली आहे. मी धावत जाऊन त्यांचा हात धरते. हात गरम आहे! मला रडूच फुटतं.

"चला ना बाबा. पाया पडते तुमच्या. एकदा तिला दिसा, दोन शब्द बोला, मग जा कुठे जायचं ते. मी अडवणार नाही."

आणि बाबा बोलतात. त्यांचा तो घसघशीत आवाज, कितीतरी दिवसांत न ऐकलेला.

"अडवशील."

"नाही अडवणार. शपथ."

"अडवशील गं. मी ओळखत नाही होय तुला?"

मला त्या आवाजाचीच इतकी हाव सुटते की आत्या, पान, द्वादशी सगळं मागे पडतं. "आणखी बोला," मी म्हणते. "काहीही बोला. मला शिव्या द्या."

"ताईला काय सांगितलंस?"

"मागून येताय म्हणून."

बाबा हसत नाहीत. मला वाटलं होतं हसतील. "तिने पान वाढलं असेल," ते म्हणतात.

"झाकून ठेवलंय."

"ती जेवली?"

"चार घास. तुम्ही आल्यावर नीट जेवणार म्हणाली."

बाबा खाडीकडे वळतात. फळी कुरकुरत वर उचलली जाते. मी त्यांचा हात ओढते, तो सुटत नाही आणि येतही नाही. पाण्याची एक फट पडते, मग ती वाढते, आणि तरी माझ्या मुठीत त्यांचा हात आहे, लांब लांब होत जाणारा. मी नखं रोवते. चूक झाली की ओरडणारे माझे बाबा नखं रोवली तरी ओरडत नाहीत.

"सोड वृंदा, दुखतंय."

"नाही सोडणार."

"बघ. म्हटलं नव्हतं?"

मी सोडत नाही. तरी तो हात माझ्या मुठीत नाही. धक्क्यावर बाबा लहान दिसतायत. बोट रिकामी आहे, चालवणाराही नाही, आणि समोरच्या काठावर आत्या पायरीवर उभी राहून डोळ्यांवर हात धरून बघतेय.

"मी काय सांगू तिला?" मी ओरडते.

"जे झालं ते."

"मला नाही जमत! मी आईलाही सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं. मला जमतच नाही, बाबा!"

"केवढा आवाज चढवतेस. ताई ऐकेल."

"ऐकू दे!" मी बेंबीच्या देठापासून किंचाळते. "तुम्ही मेलात, बाबा! तुम्ही मेलात हो! कोणीतरी सांगा ना तिला! दिगंबर मेला म्हणून कोणीतरी सांगा!"

काच थरथरायची थांबते.

मी चटईवर उठून बसलेली आहे, किती वेळ कोण जाणे. घसा खरवडल्यासारखा झालाय. घरात आवाज नाही. भांड्यांचा नाही, पुटपुटण्याचा नाही. आणि समोर फरशीवर पावलं आहेत. ओली, लहान, बोटं फाकलेली पावलं. मागल्या दारातून आत आलेली, माझ्या चटईपाशी जराशी घोटाळलेली, तिथे पाण्याचं थारोळं झालंय, आणि मग पुढल्या दाराकडे गेलेली.

एवढं पाणी कसलं ते मला एकदम कळतं. जवळच्या माणसाची बातमी फार उशिरा आली तर सुतक धरत नाहीत, पण कळल्या क्षणी नेसत्या कपड्यांनिशी अंघोळ करायची असते. आत्या ते चुकवणारी बाई नव्हे.

ती पुढल्या पायरीवर बसलेली आहे. लुगडं अंगाला चिकटलंय, पांढरे केस मोकळे, थंडीने हनुवटी थरथरतेय. मी टॉवेल घेऊन जाते. ती तो घेते आणि मांडीवर तसाच ठेवते.

"कधी?" ती विचारते.

"ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

ती मनाशी काहीतरी जुळवते. "म्हणजे भाऊबीजेला नव्हता."

"नव्हते."

"मी चंद्राला ओवाळलं गो. त्याचं नाव घेऊन. शंभर वर्षांचं औक्ष मागितलं."

मला तिच्या पायावर डोकं आपटावंसं वाटतं. "आत्या, आम्ही तुला..."

ती हातानेच मला थांबवते. रस्त्यावरून कोणीतरी सायकलवरून जातं, हाक मारतं, ती ओ देत नाही.

"शेवटी काही बोलला का?"

"घशात नळी घातलेली होती, आत्या. बोलताच येत नव्हतं त्यांना. डोळ्यांनी बघायचे नुसते."

आत्या मान हलवते, पुन्हा हलवते. मी टॉवेल उचलून तिचे केस पुसायला लागते. ती पुसू देते.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणते. "काही गाळू नको."

मी तिच्या शेजारी ओल्या पायरीवर बसते आणि सांगायला लागते.