हायाशी-सान यांची गादी

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले, त्या दिवसापासून भिंतीपलीकडे रोज संध्याकाळी सहाला तिघं भांडायचे. एक चिडका म्हातारा, एक रडवेला नवरा आणि त्याची तोंडाळ बायको. भाषा जपानी. मुद्दा कळायचा नाही, पण बायको जिंकते आहे एवढं कळायचं. बेलवर नाव मात्र एकच होतं, हायाशी. तळमजल्यावरच्या फ्राउ (म्हणजे बाई) बेरेन्सनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "तिथे तिघं राहतात आणि आनमेल्डुंग एकाचंच आहे. मी हाउसफेरवाल्टुंगला पत्र टाकलंय." हाउसफेरवाल्टुंग म्हणजे इमारतीचा कारभार पाहणारं ऑफिस. सरकारदरबारी नाव न नोंदवता राहणं ही त्यांच्या लेखी चोरीच होती.

आमच्याकडे जिना पुसायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला 'तुमची पाळी' अशी लाकडी पाटी अडकवायची. माझा आठवडा संपला तेव्हा मी ती हायाशींच्या दाराला अडकवायला गेले. दार अर्धवट उघडं, आत भांडण रंगात. डोकावले तर राखाडी किमोनो घातलेले एकच गृहस्थ, जांभळ्या चौकोनी गादीवर गुडघे दुमडून बसलेले. मान उजवीकडे वळली की नवरा, डावीकडे वळली की बायको. मला पाहिलं आणि बायकोच्याच आवाजात, जर्मनमध्ये म्हणाले, "या, या. तुम्हीच सांगा यांना, माझं कोणी ऐकत नाही."

या कलेला राकुगो म्हणतात. एक माणूस, एक पंखा, एक रुमाल आणि विनोदी गोष्ट. ज्याला गोष्ट सांगायची त्याने शेवटपर्यंत गुडघ्यांवरून उठायचं नाही. हायाशी-सान (सान म्हणजे आपलं 'राव') ओसाकात एका गुरूंकडे शिकले, मग इनग्रिड नावाच्या जर्मन मुलीशी लग्न करून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत विमानतळावर मालाच्या पावत्या केल्या. इनग्रिड गेल्या, गोष्टी राहिल्या. त्या जर्मनमध्ये आणून ते वृद्धाश्रमांत सांगायचे.

"जर्मन श्रोता उत्तम," ते म्हणायचे. "गोष्ट संपेपर्यंत हसत नाही. संपल्यावर प्रश्न विचारतो." एकदा त्यांनी उंदरांशी दोस्ती करणाऱ्या मांजराची गोष्ट सांगितली. शेवटी एका आजोबांनी हात वर केला. मांजराला लस दिली होती का? हायाशी-सान गंभीरपणे म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. दोनदा."

एक जानेवारीला ते ब्रशने नव्या वर्षाचे संकल्प लिहायचे. पहिल्या वर्षी त्यांनी तो कागद जिन्यात चिकटवला. अर्ध्या तासात फ्राउ बेरेन्सनी काढून, चार घड्या घालून त्यांच्या पत्रपेटीत टाकला. जिन्यात काही चिकटवायचं नसतं. मग ते कागद घेऊन माझ्याकडे चहाला आले. वर तीन ओळी होत्या आणि त्या त्यांनी वाचून दाखवल्या. एक, गुडघे. दोन, फ्राउ बेरेन्स. तीन, गादी.

मी सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट सांभाळते. म्हटलं, "हायाशी-सान, हे संकल्प नाहीत, मथळे झाले. किती, कधीपर्यंत, मोजायचं कसं?" आणि लॅपटॉप उघडून एक्सेल काढलं.

"योगिता-सान, मोजतात ते बटाटे," ते म्हणाले, पण सांगितलं. गुडघे म्हणजे पंचवीस मिनिटं न हलता बसणं. फ्राउ बेरेन्स म्हणजे त्यांना एकदा तरी हसवणं. आणि गादी?

"आमच्यात एकाची गोष्ट संपली की मागचा माणूस येऊन गादी उलटी करतो. म्हणजे पुढचा येणार. मी तीन वर्षं नुसती गादीच उलटली. इथे माझ्या मागे कोणी नाही. माझी मीच उलटतो. स्वतःच्या लग्नात स्वतःच वाढल्यासारखं."

"मग मी उलटते. त्यात काय?"

"सांगून उलटली तर ते घरकाम झालं."

दोन वर्षं माझ्या एक्सेलमध्ये तिन्ही रकाने लाल राहिले. फ्राउ बेरेन्सना ते कचऱ्याच्या डब्यांपाशी गाठून विनोद सांगायचे. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "केळ्याची सालं तपकिरी डब्यात." हायाशी-सान खूश. "घाई नको. हसू जिन्याने येतं, लिफ्टने नाही."

तिसऱ्या जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, फेब्रुवारीत गुडघा बदलायचा आणि त्यानंतर दुमडून बसणं बंद. "खुर्चीवर बसून सांगा की," मी म्हटलं. "खुर्चीवर बसून बातम्या देतात," ते म्हणाले. त्या वर्षीच्या कागदावर त्याच तीन ओळी होत्या, फक्त 'गादी'खाली रेघ ओढलेली होती. मी महिन्याचा शेवटचा रविवार ठरवला, दुपारी साडेतीन, तळघरातली सायकलींची खोली. पाचला सायकली जागेवर हव्यात या अटीवर फ्राउ बेरेन्सनी होकार दिला आणि अंगातला कोट न काढता पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

वीसेक माणसं जमली. पहिली दहा मिनिटं कोणी हसलं नाही. मग पंख्याच्या चॉपस्टिक करून ते नसलेल्या नूडल्स अशा सुर्रर्र ओढायला लागले की मागची रांग फुटली, मग सगळेच. फ्राउ बेरेन्सनी हायाशी-सान यांच्यापुढे तोंड पुसायला कागदी रुमाल धरला. सव्वीस मिनिटांनी गोष्ट संपली. हायाशी-सान वाकले आणि उठता येईना. मी पुढे झाले तर पंख्यानेच 'थांब' म्हणाले. दोन्ही हातांवर भार देऊन गादीवरून बाजूला सरकले आणि फरशीवरच बसून राहिले.

तेवढ्यात फ्राउ बेरेन्स उठल्या. गादीला गुडघ्यांचे दोन खड्डे पडले होते, कोपऱ्याला सायकलीचं वंगण लागलं होतं. त्यांनी 'च्' केलं, गादी उचलली, दोन चापट्या मारून झटकली, उलटी केली, भिंतीला समांतर ठेवली आणि जागेवर जाऊन बसल्या.

हायाशी-सान यांनी त्यांच्यापुढे कपाळ फरशीला टेकवलं.

"यांना बरं नाहीये का?" फ्राउ बेरेन्सनी मला विचारलं.

"गादी उलटली," हायाशी-सान म्हणाले. "आता पुढचा माणूस." आणि त्यांच्याकडेच पाहत राहिले. मी त्या प्रथेचा अर्थ सांगितला. कार्यक्रम अर्धवट सोडणं फ्राउ बेरेन्सना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी आपली खुर्ची गादीशेजारी आणली.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या. "मी या गृहस्थांविरुद्ध पत्र लिहिलं होतं. घरात बेकायदा तीन माणसं म्हणून. वर्णनंही दिली होती. बाई, वय चाळीस, स्वभाव वाईट." खोली हसायला लागली. "हाउसफेरवाल्टुंगचा माणूस तपासायला आला. घरभर फिरला. बाई कुठे, म्हणून यांना विचारलं. तर हे म्हणाले, भांडून माहेरी गेली." आणि बोलता बोलता त्याच हसल्या. आधी नाकातून, मग डोळे पुसत. हायाशी-सान स्वतःच्या गोष्टीला कधी हसायचे नाहीत. त्या दिवशी ते पोट धरून हसले.

सायकली पाचला जागेवर होत्या.

संध्याकाळी मी तिन्ही रकाने हिरवे केले. त्यांनी तिसरा पुन्हा लाल करायला लावला. "एकदा उलटून काय होतं? उलटत राहिली पाहिजे."

ऑपरेशन उत्तम झालं. ते ऑक्टोबरमध्ये गेले, हृदयाने. दगा देणार तर गुडघाच, असं आम्ही धरून चाललो होतो. गादी त्यांनी फ्राउ बेरेन्सना ठेवली.

या एक जानेवारीला सकाळी बेल वाजली. दारात फ्राउ बेरेन्स. एका हातात गादी, दुसऱ्या हातात लाकडी पाटी. पाटी त्यांनी माझ्या दाराच्या मुठीला अडकवली.

"जिना मी मागच्याच आठवड्यात पुसला," मी म्हटलं.

"जिन्याचं कोण बोलतंय?" त्यांनी गादी माझ्या हातात दिली. "शेवटचा रविवार, साडेतीन."

"फ्राउ बेरेन्स, मला विनोद जमत नाही."

"मलाही जमत नव्हता," त्या म्हणाल्या. "पाचला सायकली जागेवर हव्यात."