श्रीवर्धनहून रेवदंड्याला, आमच्या गळक्या होडीतून

होडी घ्यायची कल्पना माझी नव्हे, यमुनेची. मी गिरगावातला सुतार, जन्म खुर्च्या-टेबलांत गेलेला. गाव मात्र नागाव. तिथे धाकट्या भावाची नारळाची वाडी आहे, आणि जवळच्या रेवदंड्याच्या खाडीत उतारू नेणारा म्हातारा आता थकला होता. दिवाळीत गावी गेलो तेव्हा यमुना म्हणाली, "अहो, ते काम आपण का घेऊ नये? लाकूड तर तुम्हाला कळतं."

लाकूड कळतं म्हणजे होडी कळते, अशीच माझीही समजूत होती.

श्रीवर्धनला एक होडी विकायची आहे असं कळलं, तेव्हा मुंबईची आवराआवर करून आम्ही दोघं आगबोटीने निघालो. त्या बाजूला जाणाऱ्यांनी डेकवर यंत्रापासून लांब बसावं आणि लिंबू जवळ ठेवावं. भाडं बेताचं आहे, हाल पोटाचे होतात. आगबोट धक्क्याला लागत नाही. ती बाहेर उभी राहते आणि हलत्या लहान पडावात उडी मारून उतरावं लागतं. यमुना माझ्याआधी उतरली. एकदा गावात शिरलात की सगळा त्रास विसराल. वाडीला लागून वाडी, गर्द सावली, अंगणाअंगणांत वाळत घातलेली सुपारी. खानावळीत तांदळाची ऊनऊन भाकरी आणि माशाचं झणझणीत कालवण मिळालं, आणि दोघांच्याही जिवात जीव आला.

होडी चंद्रीबाईंची. त्यांचे यजमान तापाने गेले होते, आणि दीर धर्मा तांडेल म्हणून दुसऱ्याचा मचवा चालवायचा. कोळीवाड्यापुढच्या वाळूत होडी कलती करून ठेवलेली. मी लाकडावर बोटाने टकटक करून पाहिलं आणि जाणत्यासारखी मान हलवली.

"लाकूड नंतर बघा," चंद्रीबाई म्हणाल्या. "आधी सांगा, डागडुजी येते?"

"शिकेन."

"मंग शिकूनच न्या, दादा. मागं एक जण इथनं होडी घेऊन गेला, दोन पावसांत कुजवली त्यानं. माझी तशी न्हाय देणार मी."

सौदा ठरला, आणि चंद्रीबाईंच्याच घरी आमचा मुक्काम वाढला.

पहिलं काम तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचं. माझी पाठ मोडली. मग फळ्यांच्या फटींतला जुना कापूस उकरून काढायचा आणि तेलात भिजवलेला नवा पीळ बोथट पटाशीने आत ठोकायचा. मी माझ्या सवयीने दणकून ठोकला. चंद्रीबाई होडीत शिरल्या आणि आतून ओरडल्या, "दादा, तुमचा कापूस इकडं माझ्या हातात आला!"

त्यांनी समजावलं की पाण्यात फळी फुगते, तिला जागा हवी. खुर्चीचा सांधा जितका घट्ट तितका चांगला. इथे तसं चालत नाही. दुसऱ्या बाजूच्या फटी मी हात आवरून भरल्या, आणि त्यांतल्या एकाही बाबतीत त्यांनी नाक मुरडलं नाही.

पुढच्या टोकाला जे उभं लाकूड असतं, त्या नाळेच्या बुडाला लाकूड कुजलेलं निघालं. धर्मा म्हणाला, "वरनं पत्रा मारू. चालतंय."

"आत कुजतच राहील," मी म्हणालो. "तेवढा तुकडा कापून नवा सांधतो."

"नाळ कापतोस? खुर्चीचा पाय हाय का तो?"

बरीच वादावादी झाली. शेवटी चंद्रीबाई म्हणाल्या, "भावजी, राहू द्या. कापायचं त्यांना येतं." मी सागाचा तुकडा तिरका घडवून बसवला. धर्मा लांब उभा राहून बघत होता. सांधा बसल्यावर त्याने नख फिरवून पाहिलं, ते कुठेच अडलं नाही. मग तो मुशी माशाच्या तेलाचं भांडं घेऊन आला आणि माझ्याबरोबर तळाला तेल चोळायला बसला. त्या तेलाचा वास काय वर्णावा! त्या दिवशी यमुनेने माझं पान ओटीवर वाढलं.

होडी पाण्यात लोटली, आणि जिकडून तिकडून पाणी आत आलं. मी डोक्याला हात लावला. चंद्रीबाई हसल्या. "पिऊ द्या तिला. पोट भरलं की थांबेल." खरंच, दुसऱ्या दिवशी फळ्या फुगून बसल्या आणि गळती जवळजवळ थांबली.

धर्मा आम्हाला पोचवायला तयार झाला. उत्तरेकडे जायचं तर सकाळचा जमिनीवरचा वारा गाठावा, दुपारी समोरून वारा येतो. म्हणून पहिला मुक्काम मुरुडला केला. वाटेत जंजिऱ्याच्या तटाजवळून गेलो तेव्हा तो दिसेनासा होईपर्यंत यमुना मान वळवून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी काशीदच्या समोर माझे पाय ओले झाले. पायांखालच्या सुट्या फळ्यांवर पाणी चढत होतं. किनाऱ्यावर लाटा फुटत होत्या, तिथे होडी लावली असती तर तिचे तुकडे झाले असते.

"कुठनं येतंय बघा!" सुकाणूवरून धर्मा ओरडला.

मी उपसू लागलो. यमुना पुढे सरकली, पाण्यात हात घालून चाचपत राहिली आणि म्हणाली, "इथे. गार धार लागतेय हाताला."

माझा सांधा शाबूत होता. त्याच्या शेजारच्या फटीतला कापूस सुटला होता.

"बाय, हात काढू नको!" धर्मा म्हणाला.

तिने तळहात दाबून धरला. मी कापसाची तेलकट गोळी केली, तिच्या बोटांखालून आत सारली, वर फळीचा तुकडा ठेवला आणि एक दांडकं आडव्या वाशाखाली ठोकून तो घट्ट दाबून बसवला. धार मंदावली. उरलेलं पाणी आम्ही दोघं आळीपाळीने उपसत राहिलो. कोर्लईचा डोंगर आला, होडी खाडीत वळली आणि धर्माने पहिल्यांदा शीड सैल सोडलं.

ओहोटीला होडी चिखलात बसली. धर्मा काठावर तंबाखू मळत बसला आणि म्हणाला, "आता तूच भर." ती फट मी एकट्याने भरली. तो उठून बघायलाही आला नाही. "बघत का नाहीस?" मी विचारलं. "ठोकण्याचा आवाज बराबर येतोय," तो म्हणाला. जेवून तो परतीच्या वाटेला लागला.

नागावला भावाने विचारलं, "हरिहरेश्वराला जाऊन आलात ना? जवळच की!" इतके दिवस राहून आम्ही देऊळ पाहिलं नव्हतं, समुद्रात पायसुद्धा हौसेने बुडवले नव्हते. तुम्ही गेलात तर ते जरूर करा. आणि होडी घ्यायची असेल, तर ती ज्याने वापरली त्याच्या दारात चार दिवस राहून घ्या. माझ्या हातांना अजून मुशीच्या तेलाचा वास येतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

"वहिनी, भर समुद्रात भीती नाही वाटली?" भावाने विचारलं.

"वाटली की," यमुना म्हणाली. "पण हात अडकला होता ना."

सकाळी भरती आल्यावर आम्ही दोघं खाडीवर गेलो. होडी पाण्यावर हलत होती. यमुनेने आत उतरून पायांखालची फळी उचलली, खाली हात घातला आणि तो वर करून मला दाखवला. कोरडा होता.