पूजा झालेलं इंजिन

चंपतरावांना बैल कळतो आणि गाडी कळत नाही, ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. त्यांना ती तोंडावर सांगायची मात्र कुणाची छाती नव्हती. आदिलाबादकडच्या आमच्या तामसी मंडळात कुणाला बैलजोडी घ्यायची असली की आधी चंपतरावांच्या अंगणात चहा होतो आणि मग माणूस बाजाराला निघतो. हाडापेरानं दांडगा, मनानं सरळ आणि हट्टाला पेटला की घरच्या देवालाही न जुमानणारा हा माणूस. माझं किराणा दुकान त्यांच्या घराला लागून आहे, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचा पहिला मान माझा.

त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. तिनं गावाची वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या, कापूस नेला. थोरला मुलगा अमर मंचेरियलला कोळशाच्या खाणीत कंत्राटावर लागला तेव्हा त्याचं सामानही तिच्यातूनच गेलं. मागच्या पावसाळ्यानंतर तिच्या इंजिननं मान टाकली. अमरनं फोनवर सांगितलं, "बाबा, आता भंगारात द्या तिले." त्यानंतर बरेच दिवस चंपतरावांनी त्याचा फोन घेतला नाही.

हट्टाला कारणही होतं. धाकटी नेहा नर्सिंग शिकून घरी बसली होती. सरकारी नर्सच्या जागा वर्षानुवर्षं निघाल्या नव्हत्या. या हिवाळ्यात निघाल्या, आणि पुढच्या खेपेला तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे परीक्षा ही एकच. त्यात आपल्याकडचा नियम तुम्हाला ठाऊक असेलच. गेट बंद झालं की एक मिनिट उशिरा आलेल्यालाही आत घेत नाहीत. पाया पडा नाहीतर रडा. चंपतरावांच्या बायकोनं, भागाबाईंनी, लेकीसाठी उपास धरले. चंपतरावांनी ठरवलं की पोरीला आदिलाबादच्या सेंटरवर आपणच पोचवणार, आपल्या जीपमधून. त्यासाठी इंजिन हवं होतं, आणि त्या जातीचं नवं इंजिन आता कुठे मिळत नाही.

आदिलाबादचा मेकॅनिक पंकज त्यांना सांगून थकला होता. "काका, जुनं इंजिन घ्यायचं तं मले संग न्या. थंड असतानी सुरू करून पाहा लागते. गरम इंजिन कोणतंबी गोड बोलते."

"बैल पाह्यले मी कोणाले संग नेत नाई," चंपतराव म्हणाले, आणि हिंदी बोलायला म्हणून मला घेऊन गेले.

इचोड्याच्या पुढे, हायवेला लागून जुन्या मालाचं एक दुकान होतं. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन लोखंडी घोडीवर बसवून सुरूच ठेवलेलं होतं. आवाज झकास होता. मी इंजिनला हात लावून पाहिला तर चटका बसला. "काका, यानं आधीच तापवून ठेवलं," मी हळूच म्हणालो. पण चंपतरावांचे डोळे दुसरीकडेच लागले होते. इंजिनच्या एका कुशीला तळहाताएवढा शेंदूर थापलेला होता, चांगला जाड, आणि त्यात झेंडूची एक वाळकी पाकळी अडकलेली होती.

"इसका मालिक बडा भगत आदमी था, चाचा," दुकानदार म्हणाला. "हर दसरे को पूजा करता था."

चंपतरावांचा चेहरा उजळला. मला तेव्हाच कळलं की सौदा झाला.

बैलबाजारात त्यांची एक रीत आहे. विकणाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड सांगायची. गप्प राहिला तर सौदा नाही. काहीच खोड नाही म्हणाला, तरी सौदा नाही. एखादी खोड कबूल करणारा माणूस खरा, आणि जनावरावर हात ठेवून खोटं बोलायला आमच्याकडे अजूनही लोक भितात. चंपतरावांनी मला तेच विचारायला लावलं. लाजत लाजत मी विचारलं. दुकानदार हसला नाही. त्यानं त्या शेंदरावर पंजा ठेवला आणि म्हणाला, "खोड? थोडा तेल पीता है. झूठ कायकू बोलूं?"

चंपतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चोर. लिहून काही मिळणार नाही, चालू हालतीत घेऊन जा, हेही त्या दुकानदारानं साफ सांगितलं, मी ते मराठीत परत साफ सांगितलं, आणि ते वाऱ्यावर गेलं. इतका राग आला होता मला! पण बैल घ्यायला आलेल्या माणसाला इंजिन कसं समजवायचं?

बसवताना पंकजनं शेंदराला पेचकस लावला. "खरवडून पाह्यतो काका. खाली काय हाय ते दिसंल."

चंपतरावांनी त्याचा हात धरला. "दुसऱ्यानं केलेली पूजा आपण खरवडाची? पोरीची परीक्षा तोंडावर आली अन्‌ तू अवदसा कायले आणतं?"

पंकजनं पेचकस खाली ठेवला. गिऱ्हाइकाच्या देवाच्या आड कोण जाणार? इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष ठेवा, एवढंच तो म्हणाला. पुढचे काही दिवस चंपतरावांनी शेतापर्यंत आणि तामसीपर्यंत फेऱ्या मारल्या. इंजिन गुणी निघालं. रोज दुकानासमोर जीप थांबवून ते मला हॉर्न वाजवून दाखवायचे आणि मी रोज ऐकल्यासारखं करायचो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नेहा म्हणाली, "बाबा, मी आजच आदिलाबादले मावशीकडे जातो. नाईतं सकाळच्या बसनं जातो."

"घरची गाडी असतानी बस काऊन?" चंपतराव म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी वर छताकडे पाहिलं. बापाचं मन मोडवेना म्हणून ती राहिली.

सकाळी कडाक्याची थंडी होती. आमच्या जिल्ह्याची थंडी हाडात शिरते. भागाबाईंनी लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली, जीपला हळदकुंकू लावलं. मलाही बाजारातून माल आणायचा होता, म्हणून मागे बसलो. निघालो तेव्हा हातात भरपूर वेळ होता. बस आमच्या डोळ्यांदेखत पुढे गेली आणि चंपतराव तिला हात करून हसले.

तामसी मागे पडली आणि मला गरम वास आला. आधी वाटलं, कुठे शेतात पऱ्हाटी जाळत असतील. मग नेहा म्हणाली, "बाबा, काटा पाहा." काटा लाल पट्टीला टेकला होता.

लिंबाच्या झाडाखाली जीप थांबवली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट अंगावर आला. शेंदूर वितळून खाली ओघळला होता. त्याच्या आड कुणीतरी राखाडी लांबी, भेगा बुजवायचा लगदा, भरून ठेवली होती, तिची खपली निघून लोंबत होती, आणि उघड्या पडलेल्या ब्लॉकला बोटभर लांब तडा होता. त्यातून पाणी बाहेर पडत होतं, टपटप नाही, धार लावून. दुकानदारानं पंजा ठेवला होता तो नेमका त्याच जागेवर!

माझ्या तोंडात आलेल्या शिव्या मी नेहा उभी होती म्हणून गिळल्या. माणसाला कुणी भर बाजारात थोबाडीत मारावी तसे चंपतराव उभे होते. नेहा इंजिनकडे पाहतच नव्हती. ती हातातल्या फोनवर वेळ पाहत होती.

रविवार होता, रस्ता ओस. मी मधोमध उभा राहून हात हलवले. एक मोटरसायकल आली, तिच्यावर आधीच तिघं. एक ऑटो आली, ती उलट्या दिशेनं कापूस वेचायला बाया घेऊन निघालेली, पाय ठेवायला जागा नाही. ड्रायव्हरला वळायची विनवणी केली, तर आतल्या बायाच माझ्यावर ओरडल्या. मग कितीतरी वेळ कोणीच नाही.

पंकजला फोन लावला. तो झोपेतून उठून ओरडलाच. "थंड होऊ द्या! पाणी भरा अन्‌ हळूहळू माघारी न्या. वेल्डिंग करून पाहू. असंच पुढं दामटलं तं जाम होईल. मग ब्लॉक गेला, क्रँक गेली, काईच उरणार नाई. गाडी भंगारात द्या लागंल, सांगून ठेवतो."

चंपतरावांनी ते सगळं ऐकलं. फोन मोठ्या आवाजावर होता.

"थंड व्हाले किती टाइम लागंल?" नेहानं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. थंड होईपर्यंत गेट बंद होणार होतं. "मी पयत जातो," ती म्हणाली आणि खरंच निघाली. आदिलाबाद अजून कितीतरी लांब होतं. कंबरेला ओढणी खोचून ती पोरगी त्या मोकळ्या रस्त्यानं पळत सुटली.

मागून बॉनेट आदळल्याचा आवाज आला. चंपतराव स्टिअरिंगवर चढले होते.

"बस, रवी."

"काका, पंकज काय म्हणाला—"

"आयकलं मी. बस."

नेहाला वाटेत उचललं आणि त्यांनी जीप सोडली. पाण्याची बाटली होती तेवढी ओतलेली, बाकी काही नाही. मी आयुष्यात त्यांना बैलाला काठी मारताना पाहिलेलं नाही. चढाला बैल थकला तर स्वतः उतरून गाडी ढकलणारा माणूस. तो त्या दिवशी ॲक्सिलेटर तळाला लावून बसला होता. "चाल माय," ते जीपला म्हणत होते, "चाल माय माही, अजून थोडंसं." काटा लाल पट्टीच्याही पलीकडे जाऊन अडकला होता. आत टकटक सुरू झाली. हळूहळू ती घणासारखी झाली, पायाखालचा पत्रा हलायला लागला, फटींमधून धूर आत आला. नेहा तोंडावर ओढणी धरून खोकत होती आणि एका हातानं हॉल तिकीट छातीशी दाबून बसली होती. मी हनुमानाचं नाव घेत होतो. मला वाटत होतं की आता पेटणार.

आदिलाबादची घरं दिसली. चंपतरावांनी एकही गतिरोधक जुमानला नाही. एका चौकात पोलिसानं हात केला, तो धुरामागे राहिला. सेंटरच्या रस्त्याला वळलो, शाळेची भिंत समोर दिसली, आणि खाली काहीतरी कडकन मोडलं. जीप पुढच्या पुढे घसटत गेली. चंपतरावांनी क्लच दाबून धरला, ती आपल्या वजनानं आणखी जराशी सरकली आणि थांबली. अचानक इतकी शांतता झाली की कान दुखले.

"पय!" ते ओरडले.

नेहा उडी मारून पळाली. चंपतरावही उतरायला गेले, पण दाराला धरून जीपच्या पायरीवरच बसले. "रवी, तू जाय. पाह्यून ये."

मी पळालो. वय झालंय, श्वास पुरेना. भिंतीचं वळण घेतलं आणि पाहिलं तर गेट बंद होतं.

बाहेर तिघं-चौघं उभे होते. एक मुलगी गज धरून रडत होती. आतला पोलीस तेलुगूत तेच तेच सांगत होता, "टैम अयिपोयिंदि, टैम अयिपोयिंदि." वेळ संपली. मी त्या रडणाऱ्या मुलीच्या समोर जाऊन तोंड पाहिलं. नेहा नव्हती. दुसरीचं पाहिलं. तीही नव्हती. मग गेटच्या खाली, अगदी फटीला चिकटून, एक चप्पल पडलेली दिसली. काळी, अंगठा तुटलेली. मघाशी जीपमध्ये नेहाच्या पायात तर पाहिली होती ती.

मी चप्पल वर करून पोलिसाला दाखवली. तो हसला आणि हातानं आत खूण केली. "लोपलिकि वेळ्ळिंदि." आत गेली.

मी परत आलो तेव्हा जीपच्या मागे गाड्यांची रांग लागली होती, लोक हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. चंपतराव पायरीवर बसले होते. मी पण इतका मूर्ख की आधी नको तेच बोललो. "गेट बंद झालं काका."

त्यांचा चेहरा मला पाहवला नाही. मी घाईनं चप्पल पुढे केली. "ते आतमंदी गेली. हे बाहेर राह्यली."

त्यांनी चप्पल हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. आणि मग एवढा दांडगा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. हॉर्न वाजवणारे गप्प झाले. दोघं-तिघं उतरले आणि आम्ही जीप ढकलून कडेला लावली. इंजिनचं काय झालं, हे चंपतरावांनी विचारलंही नाही. ते केव्हाच गेटच्या दिशेनं निघाले होते.

मी गाठलं तेव्हा ते गजातून हात आत घालून पोलिसाला चप्पल देत होते, आणि तो मान हलवून नाही म्हणत होता. हिंदी बोलायला या वेळी त्यांना माझी गरज लागली नाही.

"साब, इतना अंदर दे देव," ते म्हणत होते. "ठंडी बहोत है. बच्ची का पांव फर्शी पे होगा."