कुसाबाईंच्या हातातला छाटणीवाला

१९८२ च्या उन्हाळ्यात दिंडोरीतल्या आमच्या शेजारच्या कुसाबाईंचा तळहात विळ्याने चिरला. जखम भरली, पण व्रण इतका ताठर की बोटे उघडेनात. ऑक्टोबरात द्राक्षछाटणीची कात्री धरायची कशी?

मी माझे बी.एस्सी.चे पुस्तक काढले. "आपल्या अंगात कोलॅजिनेज नावाचे एन्झाइम असते. ते व्रणातले जुने धागे हळूहळू तोडते."

"म्हंजे आतबी छाटणीवाला हाय! मंग त्याला घाई करून चालायचं नाय, ताई."

त्या रोज तेल चोळून बोटे ताणत राहिल्या.

ऑक्टोबरात मुकादम म्हणाला, "मावशी, यंदा तुम्ही छाटलेल्या काड्या वेचा."

कुसाबाईंनी कात्री उचलली, अख्खी वेल छाटली आणि म्हणाल्या, "आता वेच तूच!"