पायाच्या अंगठ्याची दोरी

प्रा. कुसुमताई देवघरे यांना मी प्रथम पाहिलं ते अमरावतीत, बालमानसशास्त्राच्या तासाला. मी उशिरा पोचलो होतो. "या साहेब, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो," म्हणत त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. ताई मूळच्या तिवशाच्या. एरवी प्रमाण मराठी, रागावल्या की वऱ्हाडी.

तान्ह्या बाळाला आईचा लळा कसा लागतो, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. पुस्तकातली कसोटी सोपी होती: आई खोलीबाहेर गेली की बाळ रडतं का, परतली की बिलगतं का. "दिवसभर चौघींच्या मांडीवर खेळणारं लेकरू कोणाकोणासाठी रडेल?" असं ताई विचारत.

वऱ्हाडातली शेती बसली होती, त्या वर्षांत याच अभ्यासासाठी आम्ही ताईंबरोबर पातूरला एका फुलमाळ्याच्या घरी जात असू. घरधनी सुरतेला कामाला गेलेला. मागे त्याची आई, बायको रेखा आणि पाळण्यातली मुलगी. आजीबाईंनी नात अकोल्याच्या थोरल्या लेकाला द्यायचं ठरवलं होतं. त्याला मूल नव्हतं.

आजीबाई सुनेकडे बोट दाखवत ताईंना म्हणाल्या, "इले मायाच नाही, बाई. लेकराकडे पायतबी नाही. पोरगीबी इच्यासाठी रडत नाही."

आम्हा विद्यार्थ्यांचंही मत तेच पडलं होतं. रेखा पाळण्याशेजारी खाली मान घालून हार गुंफत होती.

ताईंनी चहा संपवला. "आजी, तुमी सासूपुढे आपलं लेकरू कुरवाळत होत्या काय?"

"नाही वं माय! मोठ्या मानसापुढं? लाज नाही वाटत?"

"मंग हिनं काहून कुरवाळावं? तिच्या पायाकडे पाहा."

पाळण्याची दोरी रेखाच्या पायाच्या अंगठ्याला होती, साडीच्या काठाखाली. मुलगी चुळबुळली. ती रडायच्या आत अंगठा हलला; रेखाची नजर फुलांवरच होती.

आजीबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग "मी वावरातून येतो," म्हणत उठून शेताकडे गेल्या. त्यांची पाठ वळताच रेखानं हार टाकून मुलीला छातीशी धरलं. मुलगी अकोल्याला गेली नाही.

ताईंनी आमचंही तोंडावर कधी कौतुक केलं नाही. मी वसतिगृहात काविळीनं पडलो तेव्हा रोज मुगाची खिचडी येई. कोणाकडून, ते कळेना. बरा झाल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "डबा धुऊन परत करा."

त्यांच्या पंचाहत्तरीसाठी पातूरहून हार येतो आहे. मायलेकी मिळून गुंफणार आहेत. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. समारंभात त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तरी आमच्यापैकी कोणी आता गैरसमज करून घेणार नाही.